तेलात मीठ विरघळत नाही : रायफलीच्या नळीतील गंजाचा खरा अपराधी

१/२४
गोळीबाराचा सराव आटोपून शिपाई बराकीत परततो. रायफलीची नळी पुसतो, तिला तेल देतो, उजेडाकडे धरून आत पाहतो. आतले पोलाद लखलखत असते. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या रांगेत अधिकारी तीच नळी डोळ्याला लावतो आणि त्याला आत तांबूस ठिपके दिसतात. निकाल तिथल्या तिथे लागतो : शिपायाने शस्त्राची हेळसांड केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रसंग अनेक सैन्यांच्या परिचयाचा होता. शिपाई शपथेवर सांगे की नळी साफ केली होती. आणि पुष्कळदा तो खरेच बोलत असे.

२/२४
या धाग्याचा विषय आहे गंज चढवणारी काडतुसे. अशी काडतुसे जगातल्या जवळपास सर्व मोठ्या सैन्यांनी वापरली, कोट्यवधींच्या संख्येने साठवली, आणि पुढे जुना शिल्लक माल म्हणून नागरिकांना विकली. त्यांच्यामुळे नळीत येणाऱ्या गंजाचे खापर बहुधा बंदूक हाताळणाऱ्याच्या माथी फुटले. वस्तुतः त्या गंजाचे मूळ काडतुसाच्या बुडाशी असलेल्या इवल्याशा टोपीत होते, आणि त्या टोपीत काय भरायचे हे शिपायाने ठरवलेले नव्हते.

३/२४
काडतुसाची रचना साधी असते. पितळेची किंवा पोलादाची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी टोपी, म्हणजेच प्रायमर. चाप ओढला की आतली खीळ टोपीवर आदळते. टोपीतले मिश्रण आघाताने पेटते, त्याची ज्वाला दारूला भिडते आणि दारूच्या वायूंच्या दाबाने गोळी सुटते. टोपीतले मिश्रण चिमटीत धरण्याइतकेही नसते. परंतु ते जळून जे उरते ते सारे त्याच वाटेने, नळीतूनच, बाहेर पडते. आणि त्यातले थोडे नळीच्या भिंतीला चिकटून राहते.

४/२४
जुन्या टोप्यांतला मुख्य घटक पोटॅशियम क्लोरेट. काड्यापेटीतल्या काडीच्या गुलातही हेच द्रव्य असते. त्याच्यात प्राणवायू भरपूर असतो आणि तापताच तो मोकळा होतो. म्हणूनच आग चटकन धरते. प्राणवायू निघून गेल्यावर मागे उरते पोटॅशियम क्लोराइड. हे स्वयंपाकघरातल्या मिठाचे सख्खे भावंड. म्हणजे प्रत्येक गोळीमागे पोलादाच्या नळीत मिठाचा एक सूक्ष्म फवारा उडतो.

५/२४
मीठ काय करते, हे कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या कोणाही गृहिणीला सांगावे लागत नाही. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. नळीतल्या मिठाचेही तेच होते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून त्यात स्वतःच विरघळते. पोलादावर खारट पाण्याचा थर, वर हवेतला प्राणवायू : गंजाला आणखी काही लागत नाही. कोरड्या वाळवंटात तीच रायफल आठवडाभर निर्मळ राहू शकते आणि किनारपट्टीवर एका रात्रीत तांबूस होऊ शकते.

६/२४
हे द्रव्य टोपीत आले कसे? १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने पाऱ्याच्या फुलमिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणावर चालणाऱ्या बंदुकीचे एकस्व घेतले. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी, मग भडका, मग बार असा क्रम असे. तो भडका पाहून पक्षी उडून जात. आघाताने पेटणारे मिश्रण ही त्यावरची युक्ती. पुढे तांब्याच्या टोप्या आल्या, आणि फुलमिनेट व क्लोरेट यांची जोडी शतकभर टिकली.

७/२४
त्या काळी गंजाचे कोडे कोणाला पडले नाही, कारण बंदुकीची दारू काळी होती. सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. नळी काजळीने भरे आणि ती धुण्याला पाण्यावाचून गत्यंतर नसे. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी आजही हे जाणतो : बार काढल्यावर नळी पाण्याने धुवावी, वाळवावी, मग तेल द्यावे. त्या धुण्यात टोपीचे मीठही नकळत वाहून जाई.

८/२४
१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली आणि १८८६ मध्ये फ्रान्सने तिच्यावर चालणारी लेबेल रायफल स्वीकारली. काही वर्षांतच प्रत्येक मोठे सैन्य तिच्या मागे धावले. नवी दारू जवळजवळ संपूर्णपणे वायूत रूपांतरित होई. काजळी नाही, धुराचा पडदा नाही, नळी जवळपास स्वच्छ. साहजिकच पाणी मागे पडले. पोलादाला पाणी दाखवणे हा आता अडाणीपणा ठरला. चिंदी फिरवावी, तेल लावावे, काम संपले, अशी समजूत रूढ झाली. मीठ मात्र होते तिथेच राहिले. आता त्याला धुऊन नेणारे कोणी उरले नाही.

९/२४
नळ्या गंजू लागल्या तेव्हा संशय अर्थातच नव्या पाहुण्यावर गेला. धूररहित दारू नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून बनते. तेव्हा तिच्या अवशेषांत आम्ल राहत असणार आणि तेच पोलाद खात असणार, असा तर्क मांडला गेला. साफ केलेली नळी दोन दिवसांनी पुन्हा खराब होते, याचे स्पष्टीकरण असे की धातूच्या रंध्रांत शिरलेला वायू घामासारखा बाहेर येतो. मग आम्ल मारण्यासाठी क्षारयुक्त द्रावणे आली, आम्ल विरघळवण्याचा दावा करणारी तेले आली. तर्क नेटका होता. पण तो चुकीच्या आरोपीवर चालवलेला खटला होता.

१०/२४
गोंधळात भर घालणारे आणखी एक कारण होते. ब्रिटिशांची कॉर्डाइट दारू फार उष्ण जळे. मेटफर्ड पद्धतीच्या उथळ, गोलसर खाचा तिच्यापुढे टिकेनात. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड पद्धतीच्या खाचांची नळी आली आणि ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. ही झीज खरोखरच दारूची होती. तप्त वायूंनी धातू झिजणे आणि मिठाने धातू गंजणे या दोन वेगळ्या व्याधी आहेत. एक गोळी सुटताना होते, दुसरी गोळी सुटून गेल्यावर, निजानीज झाल्यावर. नळी खराब एवढेच डोळ्यांना दिसे, आणि दोन्ही दोष एकाच्याच नावावर लिहिले जात.

११/२४
याच सुमारास अमेरिकेत टोपीतला पारा काढून टाकण्यात आला. फुलमिनेटमधला पारा पितळेत मुरतो आणि पुंगळी ठिसूळ होते. अशी पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही. सैन्याला सरावाच्या पुंगळ्या पुन्हा वापरायच्या होत्या. म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस पारा गेला आणि मिश्रणाचा भार क्लोरेटवर आला. निर्णय काटकसरीचा होता आणि पुंगळीच्या दृष्टीने योग्यही होता. नळीच्या हिताचा विचार त्यात नव्हता. पुंगळी वाचवणाऱ्याच्या आणि नळी सांभाळणाऱ्याच्या वह्या वेगवेगळ्या असल्या की असेच होते.

१२/२४
उलगडा १९२२ मध्ये झाला. अमेरिकेच्या खाण विभागातील रसायनज्ञ विल्बर्ट हफ यांचा एक तांत्रिक प्रबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. विषय होता तेलाच्या थराखाली होणारा गंज. गोळीबारानंतरच्या गंजाचे कारण दारूचे आम्ल नसून टोपीतल्या क्लोरेटपासून उरलेले पोटॅशियम क्लोराइड आहे, असा त्यांचा निष्कर्ष. दमट हवेत ठेवलेल्या नळ्या गंजतात, कोरड्या हवेत ठेवलेल्या गंजत नाहीत, हे त्यातून उलगडले. आणि उपायही निघाला : पाणी. साध्या पाण्याने मीठ धुऊन टाका, नळी कोरडी करा, मग तेल द्या.

१३/२४
तेल का पुरे पडत नव्हते, याचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. फोडणीच्या तेलात मीठ टाकले तर ते तळाशी तसेच बसते. तेलात मीठ विरघळत नाही. रॉकेल, पेट्रोल यांतही नाही. चिंदीने पुसताना काही मीठ निघते, पण नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत आणि बारीक चरांत ते उरतेच. त्यावर तेलाचा थर चढवला की शिपायाला वाटते रक्षण झाले. मात्र तेलाच्या पातळ थरातून बाष्प हळूहळू आत पोहोचते, आणि गंज त्या चकचकीत आवरणाखाली निवांतपणे वाढत राहतो. प्रबंधाच्या शीर्षकातच ही सारी शोकांतिका होती.

१४/२४
विशेष असे की ब्रिटिश सैन्यात उकळत्या पाण्याची रीत कधी पूर्णतः मेली नाही. नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळे लावून उकळते पाणी ओतायचे, तापलेली नळी आपोआप वाळू द्यायची, मग दोरीच्या पुलथ्रूला कापडाचा तुकडा बांधून तो आरपार ओढायचा आणि शेवटी तेल. त्या कापडी तुकड्याला त्याच्या मापावरून ‘फोर बाय टू’ म्हणत. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेत रायफल साफ केलेल्या मुलामुलींना ‘पुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द अजून आठवत असतील. उकळत्या पाण्यामागचे रसायनशास्त्र ते ओतणाऱ्याला ठाऊक नसले तरी हात बरोबर होता.

१५/२४
आता खरा प्रश्न. कारण कळले, उपाय कळला. मग टोपीच का बदलली नाही? बदलता येत होती. स्वित्झर्लंडने १९११ च्या आपल्या लष्करी काडतुसातच गंज न चढवणारी टोपी वापरली. जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरेट आणि पारा दोन्ही वगळलेले, शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेले ‘सिनॉक्सिड’ मिश्रण बाजारात आले. त्याच सुमारास अमेरिकेत रेमिंग्टनने ‘क्लीनबोअर’ या नावाने तशीच काडतुसे शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. शिकाऱ्याची नळी वाचली. अमेरिकी सैन्याच्या मुख्य रायफलीची टोपी मात्र १९५० च्या दशकापर्यंत क्लोरेटचीच राहिली.

१६/२४
सैन्याची बाजू न ऐकता निकाल देणे अन्यायाचे होईल. १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, फ्रँकफर्ड शस्त्रागारात बनलेल्या काडतुसांच्या टोप्या दगा देऊ लागल्या. त्या जागी एक सिद्ध झालेले क्लोरेटचे मिश्रण घेतले गेले आणि एफए-७० या नावाने ते तीन दशकांहून अधिक काळ चालले. कडाक्याच्या थंडीत, दमट गोदामात, वर्षानुवर्षे पडून राहिल्यावरही ते पेटे. शत्रू समोर असताना न उडालेले काडतूस प्राण घेते. गंजलेली नळी फार तर नेम घालवते. ज्याने असा दगा एकदा पाहिला, तो नव्या मिश्रणावर सहजी विश्वास ठेवणार नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे.

१७/२४
परंतु याच सैन्याने केलेला एक अपवाद सारे उघड करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-१ कार्बाइन हे हलके शस्त्र स्वीकारले. त्यातला वायूवर चालणारा छोटा दट्ट्या शिपायाने रणांगणात उघडून साफ करावा अशी सोय नव्हती. तिथे मीठ साचले तर शस्त्रच अडकले असते. म्हणून कार्बाइनच्या काडतुसांना पहिल्यापासून गंज न चढवणारी टोपी दिली गेली. म्हणजे दोष ठाऊक होता आणि पर्यायी टोपी युद्धात चालेल असा विश्वासही होता. जिथे शिपायाला साफसफाई करणे अशक्य होते तिथे टोपी बदलली. जिथे शक्य होते तिथे ओझे शिपायावर टाकले.

१८/२४
मतभेदाचा मुद्दा नेमका इथे आहे. साठवणुकीचे आयुष्य आणि नळीचे आयुष्य यांत राज्यसंस्थेने साठवणुकीची निवड केली. ती निवड समर्थनीय असू शकते. पण निवडीची किंमत कोणी मोजावी, हे सांगितले गेले नाही. किंमत मोजली शिपायाच्या रोजच्या श्रमाने आणि गंज सापडल्यावर होणाऱ्या शिक्षेने. रसायनाचा निर्णय कारखान्यात झाला आणि त्याचा हिशेब बराकीत चुकता झाला. हफ यांच्या आधीच्या काळात तर शिपायाला तेल लावण्याचा उपाय शिकवून वर दोषीही तोच ठरवला जात होता.

१९/२४
सोव्हिएत संघाने वेगळी वाट धरली. मोसिन-नागान रायफलीसोबत मिळणाऱ्या तेलाच्या डबीला दोन कप्पे असत : एकात क्षारयुक्त द्रावण, दुसऱ्यात तेल. पाण्याने आधी मीठ काढा, मग तेल लावा, हा धडा त्या डबीतच होता. पुढे कलाश्निकोव्ह रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा देण्यात आला. टोपी तीच ठेवून धातू बदलण्याचा हा मार्ग. जपाननेही टाइप ९९ रायफलीची नळी क्रोमने मढवली होती. क्रोम मिठाला दाद देत नाही. पण वायुमार्गाचे इतर भाग, कुलूप, खीळ यांची धुलाई टळत नाही. तरीही शिपाई चुकणारच हे गृहीत धरून आखलेली ही योजना अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

२०/२४
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला आणि .३०३ च्या कित्येक काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही त्याची मुद्रा आढळते. .३०३ च्या टोपीतले पारंपरिक मिश्रण फुलमिनेट, क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे. आता मार्च १९४४ मधले मणिपूरचे सांगशाक डोळ्यांसमोर आणावे. ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तिथे जपान्यांच्या वेढ्यात लढली. त्या टेकडीवर पिण्याच्या पाण्याचीच भीषण टंचाई होती. नियमपुस्तकातले नरसाळे आणि उकळते पाणी तिथे कोठून येणार? शिपायाकडे वेळ आणि पाणी असेल, हे गृहीत धरून घेतलेला निर्णय अशा ठिकाणी उघडा पडतो.

२१/२४
शीतयुद्ध संपले आणि पूर्व युरोपातली कोठारे उघडली. सोव्हिएत, बल्गेरियन, हंगेरियन, युगोस्लाव काडतुसे अमेरिका आणि कॅनडाच्या नागरी बाजारात आली. मोसिन-नागानच्या काडतुसांचा एक सीलबंद पत्र्याचा डबा ४४० नगांचा, आणि लाकडी पेटीत असे दोन डबे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भरलेली ही काडतुसे आजही बिनचूक उडतात. जुन्या लष्करी रसायनज्ञांचा दावा त्यांनी खरा करून दाखवला. पण स्वस्ताईसोबत मीठही आले. पूर्वी जे ओझे शिपायाच्या खांद्यावर होते ते आता ग्राहकाच्या खांद्यावर सरकले, आणि ग्राहकाला कवायत शिकवणारा हवालदार नव्हता.

२२/२४
या बाजारात ‘सौम्य गंजकारक’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. तो टाळायला हवा. टोपीत क्लोरेट असते किंवा नसते. गंज किती चढेल हे हवामानावर, पोलादावर आणि धुण्याला लावलेल्या वेळावर अवलंबून असते. डब्यावरच्या विशेषणावर नव्हे. असाच दुसरा भ्रम अमोनियाचा. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव मीठ ‘मारते’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. पोटॅशियम क्लोराइड हे आम्ल नव्हे. त्याला मारण्याजोगे काही नाही, त्याला फक्त विरघळवायचे असते. त्या द्रवातले पाणी काम करते आणि श्रेय अमोनियाला मिळते.

२३/२४
रीत म्हणाल तर ती शंभर वर्षांत बदललेली नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून कुलूप काढावे. शक्यतो त्याच दिवशी नळीतून गरम पाणी सोडावे. साबणाचे बोट लावले तर उत्तम. कुलपाचा दर्शनी भाग, खीळ, आणि स्वयंचलित शस्त्रात वायूचा दट्ट्या व त्याची नळी हेही धुवावे. नेमके हेच भाग विसरले जातात. मग कोरड्या चिंद्या, त्या ओल्या निघेनाशा होईपर्यंत. त्यानंतर तेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आत पाहावे. महागडे द्रावण कशासाठीच लागत नाही. पाणी गरम असावे ते नळी लवकर वाळावी म्हणून. मीठ तर गार पाण्यानेही निघते.

२४/२४
हा धडा रायफलीपुरता राहिला असता तर छंदिष्टांची बाब म्हणून सोडून देता आला असता. १९६६-६७ मध्ये व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या. तिथे क्लोरेटचा संबंध नव्हता. काडतुसातली दारू बदलली होती, गोळी बसण्याच्या जागेला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्य पुरेसे पोहोचले नव्हते आणि या शस्त्राला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता. तरीही पहिले बोट उठले ते शिपायाच्या निष्काळजीपणाकडे. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली तेव्हा कुठे दारूच्या आणि पुरवठ्याच्या निर्णयांची झाडाझडती झाली.

वस्तू बिघडली की ती शेवटी ज्याच्या हातात होती त्याला धरायचे, ही सवय कारखाने, कचेऱ्या आणि सैन्ये यांत सारखीच मुरलेली आहे. शिपाई चुकत नाही असे कोणी म्हणणार नाही. आळशी शिपाई होते, आहेत आणि त्यांच्या नळ्या गंजणारच. पण लखलखणाऱ्या तेलाखाली गंज सापडतो तेव्हा तपासणी नळीपाशी थांबू नये. ती टोपीपर्यंत, आणि ती टोपी निवडणाऱ्या टेबलापर्यंत गेली पाहिजे. हफ यांच्या प्रबंधाने १९२२ मध्ये शिपायाला निर्दोष ठरवण्याइतका पुरावा पुढे ठेवला होता. त्या पुराव्यावर कृती व्हायला आणखी तीन दशके लागली, आणि तेवढा काळ बराकीतले नरसाळे उकळत्या पाण्याने भरत राहिले.

(धागा समाप्त)